तीन महिने काढ, बाळा

आमच्या ह्यांना बंदरावर 'सर' म्हणतात. म्हणणारे थट्टेनं म्हणतात, पण ह्यांना ती थट्टा आजवर कळलेली नाही. जेटीवर कुणी दात काढून विचारलं, "काय सर, शाळा सुटली काय?" तर हे कॉलर सारखी करून उत्तर देतात, "नाय रे, आज सुट्टी." मी मासळीच्या पाटीमागे बसून कपाळाला हात लावते. इस्त्रीचा शर्ट घालून इंजिनाच्या तेलात कोपरापर्यंत हात घालणारा माणूस अख्ख्या रत्नागिरीत एकच असेल, आणि तो नेमका माझ्या पदरात पडला.

नाव अनिल डोर्लेकर. अर्धं आयुष्य बोटीवर ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे सुकाणू धरणारा नव्हे, ते काम तांडेलाचं. ड्रायव्हर म्हणजे खाली इंजिनापाशी बसणारा. त्या धडधडीत राहून डावा कान गेला, तेव्हा बोट सोडली. घरी बसले आणि माझ्या डोक्याला ताप झाला. मीठ कुठे ठेवतेस, बर्फ किती घेतेस, सगळ्यात नाक. त्यातच शहरातल्या एका संस्थेच्या नम्रता मॅडम माणूस शोधत बंदरावर आल्या. त्यांचं प्रशिक्षण केंद्र सरकारी पैशावर चालायचं. पोरींना शिवण शिकवायचे, पोरांना वायरिंग. आता बोटीचं इंजिन दुरुस्त करायचा वर्ग काढायचा होता आणि शिकवायला कुणी मिळत नव्हतं. लोकांनी ह्यांच्याकडे बोट दाखवलं. त्या दिवशी हे बंदरावरनं घरी आले ते रिक्षात बसून! चालत आलं तर पाच मिनिटं लागत नाहीत. मी दारातच विचारलं, "काय झालं? पाय मुरगळला?"

"मास्तर झालो," म्हणाले.

मी हसले, पण खरं सांगते, मला बरं वाटलं होतं. कान गेल्यापासून हे कुणात मिसळत नव्हते. आता रात्री आरशासमोर उभे राहून 'मुलांनो' म्हणायची तालीम करायला लागले.

पहिला वर्ग बंदीच्या दिवसांत भरला. जून-जुलैत मासेमारी बंद असते. बोटी वर ओढून झापांनी शाकारून ठेवतात आणि वाडीतली पोरं नुसती पत्ते कुटत बसतात. ह्यांनी ती सगळी उचलून वर्गात बसवली. आमचा सर्वेशही त्यात होता, बारावी झालेला. केंद्रातल्या फळ्यावर हे काय लिहायचे देव जाणे, पण दुपारनंतर पोरांना घेऊन शाकारलेल्या बोटीत उतरायचे आणि इंजिन खोलायचे. वरून पाऊस, खाली काळे झालेले सगळे, आणि मध्ये ह्यांचा तो पांढरा शर्ट. पोरांना गोडी लागली. संध्याकाळी चहाला आमच्याच ओटीवर यायची आणि 'सर, सर' करून डोकं उठवायची. ह्यांच्या तोंडावर जे सुख होतं ना, ते लग्नातसुद्धा नव्हतं.

पोरं पास झाली. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला आणि सगळी बोटीवर चढली. कुणी ड्रायव्हरच्या हाताखाली, कुणी बापाच्या बोटीवर. एक पोरगा रिकामा राहिला नाही. ह्यांनी पेढे वाटले. चारच दिवसांनी नम्रता मॅडम आल्या, त्यांचं तोंड उतरलेलं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की सरकार पैसा कसा देतं. एकदम नाही देत. वर्ग भरला की एक हप्ता, पोरं पास झाली की दुसरा, आणि तिसरा तेव्हाच, जेव्हा पोरं नोकरीला लागून तीन महिने टिकतात. नोकरी म्हणजे नेमणुकीचं पत्र पाहिजे, पगाराची पावती पाहिजे. आता मला सांगा, बोटीवर पावती कोण देतं? बोट मासळी भरून आली की मालकाचा वाटा, तांडेलाचा वाटा, खलाशाचा वाटा. असं आमच्या आजोबा-पणजोबांपासून चालत आलेलं. म्हणजे सगळी पोरं कामाला लागली होती, आणि सरकारच्या लेखी एकही नोकरीला लागला नव्हता.

"तिसरा हप्ता आला नाही तर संस्था हा वर्ग बंद करेल," मॅडम म्हणाल्या. त्या बाईला दोष नाही. तिचाही पगार त्यातच अडकलेला. "चाकणला एक कारखाना पोरं घ्यायला तयार आहे. पत्र देतात, पावती देतात. थोडी तरी पोरं पाठवा."

दर्यावरची पोरं चाकणला कोण पाठवणार? वाडीत सगळ्यांनी कानावर हात ठेवले. आणि आमचे सर उठून उभे राहिले, जशी काही सभाच भरलीय. "माझा पोर जाईल," म्हणाले. "तीन महिन्यांचा तर प्रश्न."

मी चुलीपाशी होते. हातातला डाव तसाच राहिला. पण सरांचा मुलगाच जातोय म्हटल्यावर आणखी पोरं तयार झाली, आणि सर्वेश बापाकडे बघून हसला. बापाला कुणीतरी मान देतंय याचं त्या पोराला फार अप्रूप होतं.

दुसऱ्याच आठवड्यात फोनवर रडला. बोलत काही नव्हता, नुसता नाक ओढत होता. मागून यंत्रांचा आवाज. मी फोन ह्यांच्या उजव्या कानाला लावला. हे म्हणाले, "तीन महिने काढ, बाळा."

त्यानं काढले. तिसरा हप्ता आला, वर्ग वाचला, ह्यांनी परत पेढे आणले आणि मी एकाला हात लावला नाही. कारण सर्वेश आला नाही. आमच्यात नारळी पौर्णिमेनंतर जो बोट सोडून गेला त्याची त्या सालची जागा गेली. माणसं ठरलेली असतात, मालकाकडून उचल घेतलेली असते. तीन महिने संपले तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. बाकीची पोरं बापाच्या बोटींवर कशीबशी शिरली. आमच्याकडे कुठली बोट? "येऊन बसून काय करू? पुढच्या बंदीत बाबांचा वर्ग भरला की येतो," असं म्हणाला.

आणि पुढच्या बंदीत वर्ग भरलाच नाही. मंजुरी ऑक्टोबरात आली! सरकारचं साल एप्रिलला सुरू होतं, कागद फिरत फिरत खाली येईस्तोवर दसरा उजाडतो. त्या वेळी वाडीत पोर राहतं काय? सगळी दर्यात. हे अर्ज घेऊन ऑफिसांच्या पायऱ्या झिजवून आले. "साहेब, वर्ग बंदीत द्या. आमची पोरं तेव्हाच मोकळी असतात." साहेब लोक चांगले बोलले, चहा दिला. पुढच्या साली परत ऑक्टोबर. मी म्हणायचे, "तुमच्या सरकारला कुणीतरी एक पंचांग नेऊन द्या." हे चिडायचे. सरकारला कुणी बोललेलं ह्यांना खपायचं नाही. सरकारनंच त्यांना सर केलं होतं ना!

अशी चार वर्षं गेली. सर्वेश गणपतीला यायचा, दोन रात्री राहायचा. पहिल्या वर्षी आल्या आल्या जेटीवर पळाला होता. गेल्या वर्षी ओटीवरच बसून राहिला. विसर्जन झाल्यावर मी तळलेले बांगडे वाढले तर म्हणाला, "आये, एकच दे, सवय गेली." मी आत जाऊन पदर तोंडात धरला. बांगड्याची सवय जाते काय गो कुणाची?

गेल्या ऑक्टोबरात परत मंजुरी आली. ह्या वेळी मॅडम म्हणाल्या, "अनिल सर, हा वर्ग बंदरावरच्या पोरांचा नाही झाला तरी चालेल. आतल्या गावांतली पोरं भरू. नोकरी हवी असलेली खूप आहेत." हे कुरकुरले. डोंगरातल्या पोरांना बोटीचं इंजिन कशाला? मग मॅडमनी खरं ते सांगितलं. ह्या वर्गाचा तिसरा हप्ता आला, तर संस्था ह्यांच्या हाताखाली एक कायमचा शिकवणारा ठेवणार. बंदीतला वर्ग संस्था स्वतःच्या जोरावर चालवणार. "सर्वेशचं नाव मी सांगून ठेवलंय," म्हणाल्या.

मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. ह्यांच्या आधी मीच पोरं गोळा करायला निघाले. मार्केटात माझ्या समोर गोदा बसते. आतल्या गावची, शेतकऱ्याची बायको, भाजी नि ओले काजूगर घेऊन येते. नवरा मुंबईला. रितेश म्हणून एकुलता एक पोरगा, तो तरी मुंबईला जाऊ नये म्हणून ती देवाला कौल लावून बसलेली. मी तिला म्हटलं, "घाल त्याला ह्यांच्या वर्गात. रत्नागिरीतच हाय. पुढे तीन महिने चाकण, बस. मग पोर तुझं. टिलरचं इंजिन आणि बोटीचं इंजिन काही वेगळं नसतं, गावात दुरुस्तीचं दुकान घालेल."

"तू सांगतेस ना? मग घालते," गोदा म्हणाली.

रितेश गुणी निघाला. हे घरी येऊन त्याचंच कौतुक सांगायचे. जानेवारीत वर्ग संपला, फेब्रुवारीत पोरं चाकणला गेली. सर्वेशच्याच कारखान्यात. सर्वेशनं त्यांना खोली बघून दिली. इकडे आमच्या ह्यांनी काय करावं? टेलरकडे जाऊन सर्वेशसाठी पांढरा शर्ट शिवून आणला. "सर म्हणून उभा राहायचंय, असाच येईल काय?" आपल्या शर्टाशेजारच्या खिळ्याला टांगून ठेवला. मी बघितलं तर चार वर्षांमागच्या मापाचा. पोर आता खांद्यात केवढं भरलंय! पण मी बोलले नाही. येता-जाता मीही त्या शर्टावरनं हात फिरवायचे.

आणि मग आला शिमगा. गावची पालखी दाराशी येणार आणि घरचा पोरगा चाकणला? असं कोकणात कधी झालंय? कारखान्यानं रजा दिली नाही, तर पोरं रजा न विचारताच गाडीत बसली. पालखी नाचवली, पुरणपोळ्या खाल्ल्या, आणि त्यातली कित्येक परत गेलीच नाहीत. त्यांच्या आयांनी जाऊ दिलं नाही. तिसऱ्या हप्त्याचा नियम कागदावर लिहिणाऱ्याला शिमगा ठाऊक नव्हता, आणि आमच्या सरांना ठाऊक असून आठवला नाही. मॅडम धापा टाकत घरी आल्या. "हप्त्याला लागतात तेवढीच पोरं उरलीत, आता काठावर आहोत. ह्याच्या खाली एक जरी पोर गेलं, तर हप्ता नाही. एप्रिल संपेपर्यंत एकही हलता कामा नये."

मी त्याच संध्याकाळी सर्वेशला फोन केला. "रितेशवर नजर ठेव रे. जेवायला बरोबर घेऊन जा. त्याला टिकव."

"ठेवतो आये," म्हणाला. मग हळूच, "पण तो रडतो गो."

"तूही रडलास ना? तू टिकलास."

त्यानं फोन ठेवला.

एप्रिल अर्ध्यावर आला होता. दुपारी मार्केट ओसरलं, मी उरलेले सौंदाळे झाकून ठेवत होते. गोदा समोरून उठून माझ्याजवळ येऊन बसली. हातात काजूगराचा वाटा होता, तो माझ्या पाटीत ठेवला. "मैना, रितेशचा फोन येतो गो. रोज. खात नाय, म्हणतो. आये मला बोलव, म्हणतो. तुला सगळं ठाऊक हाय तिथलं. तुझा सर्वेश तिथेच हाय. तूच सांग, बोलवू काय?"

देवाशप्पथ सांगते, तिला हप्त्याचं काही ठाऊक नव्हतं. काठावर आहोत हे ठाऊक नव्हतं. तिच्या पोराच्या जाण्यावर माझ्या पोराचं येणं टांगलंय, हे मलाच ठाऊक. आणि मला माझं पोर पाहिजे होतं. काय लपवायचंय त्यात? पाहिजेच होतं. दोन आठवडे राहिले होते. दोन आठवडे म्हणजे काय? आंबा पिकायला घालतात तेवढे दिवस. मी तोंड उघडलं, "अगो, त्याला म्हणावं, तीन महिने…"

आणि पुढचं तोंडातनं बाहेरच पडेना. मला मागून यंत्रांचा आवाज ऐकू आला. सर्वेशचं नाक ओढणं ऐकू आलं. मी गोदाचा हात धरला आणि म्हटलं, "बोलव. आजच बोलव. ते तीन महिने संपत नाहीत गो. माझं पोर अजून तिथेच हाय."

मग दोघी तिथेच बसून रडलो. मांजर येऊन सौंदाळा घेऊन गेलं तरी मी उठले नाही.

घरी आले आणि चप्पल काढायच्या आधी ह्यांना सांगून टाकलं. मला वाटलं, ओरडतील. ओरडायला पाहिजे होतं, मीही दोन शब्द सुनावले असते. चार वर्षं साठलेलं होतं. पण हे खाटेवर बसले, खिळ्यावरच्या शर्टाकडे बघत.

"बरं केलंस," म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "मैना, गोदानं तिच्या पोराला बोलावलं. आपण कधी बोलावलं गो? आपण म्हणायचो, वर्ग सुरू झाला की ये. मंजुरी आली की ये. नुसतं ये असं कधी म्हटलं?"

ह्यांनी स्वतःच फोन लावला. उजव्या कानाला घट्ट धरला.

"सर्वेश, बाबा बोलतोय. ये तू."

तिकडून काहीतरी विचारलं असणार.

"नाय. वर्ग नाय. काही नाय. तरी ये."

मी कान लावून उभी होते. सर्वेश म्हणाला, "बघतो बाबा." आमच्या कोकणात 'बघतो' म्हणजे काय ते कुणाला सांगायला नको. तरी पण माणूस आशा धरतोच.

दोन दिवसांनी सकाळी पुण्याची गाडी यायची होती, रितेश त्या गाडीत होता. गोदा स्टँडवर जाणार, तर मीही निघाले. म्हटलं, पोराला बघते, एवढ्या लांबून येतोय. हे म्हणाले, "मला नाक्यावर काम हाय." आणि मी स्टँडवर पोचते तर हे आधीच खांबाला टेकून उभे! इस्त्रीचा शर्ट, केस पाणी लावून बसवलेले. मी बघितलं, त्यांनी तोंड दुसरीकडे केलं.

गाडी आली. रितेश उतरला, पार वाळून गेलेला. गोदानं त्याला पोटाशी धरलं आणि भर स्टँडवर त्याच्या तोंडावरनं हात फिरवत बोटं मोडली. मी दाराकडे बघत होते. एक म्हातारा उतरला. पोर कडेवर घेतलेली एक बाई उतरली. कॉलेजची दोन पोरं उतरली. मग कुणी उतरेना.

रितेश येऊन माझ्या पाया पडला, ह्यांच्याही पडला. मी विचारलं, "सर्वेश भेटला निघताना?"

"दादाच आला होता सोडायला, स्वारगेटला," रितेश म्हणाला. "माझी बॅग वर ठेवली. मग माझ्याशेजारी बसला. म्हटलं दादा, गाडी सुटेल, तर म्हणाला, सुटू दे. गाडी स्टँडच्या बाहेर आली तरी बसून होता. कंडक्टर तिकीट विचारायला आला, तेव्हा उतरला."

ह्यांनी खांब धरला. ह्या माणसाला मी त्या दिवसाआधी कधी रडताना बघितलं नव्हतं, ना कान गेला तेव्हा, ना सासरे गेले तेव्हा.

मी रितेशला विचारलं, "कुठल्या सीटवर बसला होतास रे?"

"मागून तिसरी. खिडकीची माझी."

मी गाडीत चढले. आत कुणी नव्हतं. मागून तिसऱ्या सीटवर जाऊन, खिडकी सोडून शेजारी बसले. खाली गोदा काहीतरी विचारत होती, रितेश तिला गप्प करत होता. मी सीटवर हात ठेवला.

कंडक्टर दारातनं म्हणाला, "मावशी, गाडी डेपोत जातेय. उतरा."

"उतरते रे," मी म्हटलं. "जरा बसू दे."